कोंड्याच्या पेटीतला स्फटिक

कुसुम, तुझा स्फटिक मी परवा फोडला.

काय निघालं ते शेवटी सांगते. तुझी सवय मला ठाऊक आहे. कुठलाही शोधनिबंध हातात आला की तू आधी शेवटचं पान उघडायचीस, आणि निष्कर्ष पटला नाही तर पहिल्या पानाकडे वळूनही बघायची नाहीस. या वेळी मात्र पहिल्यापासून ऐकावं लागेल. मध्येच तोडायला तू आता येऊ शकत नाहीस, या सगळ्यात एवढी एक सोय झाली आहे.

कॉलेजात तुझी शोकसभा झाली. प्राचार्य म्हणाले, कुसुमताई सदा हसतमुख होत्या. सदा हसतमुख! सकाळी पहिल्या तासाच्या आधी तुझ्याशी बोलायची कोणाची छाती नव्हती, हे तिथल्या प्रत्येक खुर्चीला माहीत होतं. मग एकजण म्हणाले की त्यांचं जंतांवर काहीतरी संशोधन चालू होतं. माना हलल्या, दोन मिनिटं उभे राहिलो, चहा आला. मी उठून बोलले नाही. बोलायचं तर म्हशीच्या पोटापासून सुरुवात करावी लागली असती, आणि लोकांच्या हातात बिस्किटं होती.

म्हणून इथे लिहिते आहे. तुला यातलं सगळं माहीत आहे. पण मी हे एकदाही सलग कोणाला सांगितलेलं नाही, आणि सांगितलं नाही तर "जंतांवर काहीतरी" एवढंच उरेल.

तू नाकाडोंगरीहून भंडाऱ्याला प्राणिशास्त्र शिकवायला आलीस आणि आमच्या घराच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्यास. मी घरमालकाची मुलगी, त्याच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी. पहिले काही महिने आपलं बोलणं नळाला पाणी कधी येतं एवढ्यापुरतं होतं. मग तुझी आई गावाहून आली. आमच्या दारात बसून तिने लुगड्याचा काठ जरा वर घेतला आणि मी तिचा उजवा पाय पाहिला. आमच्या भागात हत्तीपाय नवलाचा नाही, बाजाराच्या दिवशी दोनचार दिसतातच. पण जवळून, घरातल्या माणसासारखा, तो मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. मावशींनी, तुझ्या आईला मी तेच म्हणू लागले, माझी नजर ओळखली. म्हणाल्या, "पाह्य, पाह्य. पाह्यलं म्हनून काही वाढत नाही तो."

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी तू मला तुझं काम समजावून सांगितलंस. माणसाला हत्तीपाय करणारा कृमी प्रयोगाला मिळत नाही, तो माणसाच्या अंगात लपून असतो. पण त्याचा एक भाऊबंद म्हशीच्या पोटात राहतो. पांढरा, बोटभर लांब, शिवायच्या दोऱ्यासारखा. दोघांचं खाणं एकच, साखर. साखर मोडून ते तिचं आम्ल करतात आणि त्यावर जगतात. ही मोडतोड करणारं जे एन्झाइम, ते बंद पाडलं तर कृमी उपाशी मरेल. मी म्हटलं, मग पाड की बंद. तू म्हणालीस की तेच एन्झाइम माणसातही आहे, दोन्ही बंद पडतील. ब्लाउज तोच आहे, पण शिंपी वेगळा आहे. कुठे टीप वेगळी घातली आहे ते दिसलं, तरच फक्त कृमीचा उसवता येईल. आणि एवढी बारीक शिवण दिसायला त्या एन्झाइमचा स्फटिक करावा लागतो, त्यावर क्ष-किरण सोडावे लागतात, ते यंत्र बंगलोरला, आणि मग गणित करत बसावं लागतं.

मला ते पटलं. पटलं म्हणून मी फसले.

सकाळी तू थर्मास घेऊन गावाबाहेरच्या कत्तलखान्यात जायचीस. साडी नेसलेली, कपाळाला टिकली लावलेली प्राध्यापिका सायकलवरून तिथे जाते म्हटल्यावर भंडाऱ्यासारख्या गावात काय झालं असेल ते सांगायला नको. स्टाफरूममध्ये तुझ्या थर्मासकडे लोक साप असल्यासारखे बघायचे. तू मुद्दाम तो टेबलावर मधोमध ठेवायचीस. खाटीक करीमभाई मात्र तुला मानायचे. एकदा मी सोबत आले होते, तर लांबूनच हाक आली, "मॅडम, आज लंबे लंबे निकले हैं, डब्बा लाओ." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "इनका तो रोज का है. आप को चक्कर आए तो उधर बैठ जाना." मला चक्कर आली आणि मी उधर बैठले. तू हातमोजे घालून दोरे वेचत होतीस आणि त्यांच्याशी धानाला पाणी लागलं का यावर बोलत होतीस. करीमभाईंचीही थोडी शेती होती.

पुढचं काम मिठाचं. म्हणजे खाण्याच्या नाही, अमोनियम सल्फेट नावाच्या क्षाराचं. कृमी वाटून काढलेल्या पाण्यात ते थोडं थोडं घालत गेलं की एकेक प्रथिन साक्यासारखं खाली बसतं, आणि एन्झाइम हे एक प्रथिनच. पण ते लागतं पुष्कळ. कॉलेजातली बाटली तू एका खेपेत संपवलीस. नवीन मागवायचं म्हणजे सहीवर सही. तू चार दिवस चिडचिड केलीस आणि मग तुला आठवलं की ज्या क्षाराची शुद्ध बाटली मिळत नाही, त्याचंच पोतं तुझ्या घरी ओसरीवर पडलेलं असतं. धानाचं खत! तुझा भाऊ ते तुमसरच्या बसच्या टपावर टाकून घेऊन आला. जगातल्या कुठल्याही चांगल्या प्रयोगशाळेत हे ऐकून लोकांनी कपाळावर हात मारला असता. धानवाल्याच्या मुलीलाच ते सुचणार.

आणि ते शुद्ध करायचं काम माझ्याकडे आलं. गरम पाण्यात विरघळवायचं, गाळायचं, थंड करायचं, खडे जमले की पुन्हा तेच. आमच्या मागच्या अंगणात हे चाललेलं असताना मावशी आल्या होत्या. त्या बराच वेळ बघत बसल्या.

"हे काय करून राहिल्या वो तुमी? खत धुऊन राहिल्या का?"

"हो मावशी."

"धानाले टाकाचं सोडून धुता कायले?"

तू हसलीस. मला मात्र हसू आलं नाही, कारण मी आनंदात होते आणि मला ते कळू द्यायचं नव्हतं. नोकरीला लागल्यापासून मी मुलांना एकच प्रयोग शिकवत आले होते, समोरच्या पुडीतलं मीठ ओळखा. दर वर्षी तेच, मुलं वेगळी. तुझं खत धुताना माझ्या शास्त्राचा कोणाला तरी उपयोग होतो आहे, असं मला पहिल्यांदा वाटलं. हे मी तुला कधी बोलले नाही. तुला धन्यवाद म्हटलं असतं तर तू "कायचे?" असं विचारून मला गप्प केलं असतंस.

मग वाट बघणं आलं. काचेच्या चकतीवर एन्झाइमचा एक थेंब ठेवायचा, चकती उलटी करून खालच्या छोट्या वाटीवर ग्रीसने चिकटवायची आणि विसरून जायचं. थेंब सावकाश आटत जातो. सगळं जुळलं तर त्यात स्फटिक उगवतो, नाही जुळलं तर नुसता गाळ. हवा मात्र एकसारखी हवी, आणि आमच्या गावची हवा म्हणजे दुपारी भट्टी. तू एक लाकडी पेटी आणलीस, तिच्यात धानाचा कोंडा भरलास आणि त्या कोंड्यात तुझ्या वाट्या पुरल्यास. बर्फवाले असाच बर्फ झाकून ठेवतात. पेटी तुझ्या खोलीत माठाशेजारी असायची. मावशी आल्या की त्यांना ती पेटी धान्याची वाटायची आणि त्या तिच्यावर पाय ठेवायला जायच्या. तू ओरडायचीस.

किती वेळा गाळच निघाला ते तुलाच माहीत. मग एकदा तू मला हाताला धरून मायक्रोस्कोपाशी बसवलंस. थेंबाच्या मधोमध एक कण होता. खसखशीपेक्षा लहान, पण कडा अशा की कोणी तासून ठेवाव्यात. मी बघितलं आणि माझ्या तोंडून जे निघालं ते निघालं.

"खत आहे हे. तुझ्या भावाचं. पुन्हा जमलं आहे."

इथून आपलं भांडण सुरू झालं आणि ते अजून चालू आहे.

तुझा पुरावा असा की शेजारच्या थेंबात सगळं तेच होतं, फक्त एन्झाइम नव्हतं, आणि तिथे काही उगवलं नव्हतं. मी म्हटलं, तिकडे धूळ पडली नसेल, इकडे पडली असेल, क्षाराला जमायला तेवढं पुरतं. खरी परीक्षा एकच, आणि ती तूच मला शिकवली होतीस. सुईच्या टोकाने दाबायचं. क्षाराचा खडा टणक असतो, कट्ट करून फुटतो नाहीतर उडून जातो. प्रथिनाचा स्फटिक निम्मा पाण्याचा असतो, तो आवाज न करता दबतो आणि चुरा होतो.

"मग फोडून पाह्य ना. एका सुईचं तं काम आहे," मी त्या रात्री जेवताना म्हटलं.

"फोडून टाकला तं बंगलोरले काय नेऊ? चुरा?"

"शितावरून भाताची परीक्षा."

"हंडीत एकच शीत आहे, सुमन."

मावशी चुलीपाशी होत्या. त्यांनी तेवढ्यात खरोखरच भाताचं एक शीत बोटावर घेऊन दाबून बघितलं आणि आपल्याकडे न बघता म्हणाल्या, "फोडल्याबिगर कसं समजन, शिजला का नाही? अन् एका शितासाठी चूल पेटवली कोनं?" तू पानावरून उठून गेलीस. दाराशी थांबून मला म्हणालीस, "तू सगळ्याले मीठच म्हनशीन. पोरायकडून मीठ ओळखून घेते वरसानुवरस, तुले दुसरं काय दिसन?" ते लागलं मला. खरं होतं म्हणून लागलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तू तो स्फटिक बंगलोरला नेलास. सुट्टी मिळते ती उन्हाळ्यातच, त्याला कोण काय करणार. बारीक काचेच्या नळीत तो घातला, दोन्ही टोकं मेणाने बंद केली, नळी कापसात, कापूस बर्फ भरलेल्या थर्मासात. वरठीच्या स्टेशनवर मी तुला सोडायला आले होते. पोलादाच्या कारखान्यातले लोक सायकली हातात धरून फाटक उघडायची वाट बघत होते, त्यांच्या अंगावरचे शर्ट घामाने काळे झालेले. मी तुला म्हटलं, सांभाळून जा. तू म्हणालीस, थर्मासले सांग. गाडी हलल्यावर तू खिडकीतून हात काढला नाहीस, कारण दोन्ही हातांनी तो थर्मास मांडीवर धरला होता.

परत आलीस आणि सरळ झोपायला गेलीस. दुसऱ्या दिवशी चहा पिताना सांगितलंस की बल्लारशापुढे बर्फ मिळाला नाही, आणि तिथल्या साहेबांनी नळी भिंगाखाली धरली तेव्हा आत स्वच्छ पाणी होतं. ते भले गृहस्थ होते. त्यांनी तुला जेवायला घातलं आणि म्हणाले, पुन्हा करा, हिवाळ्यात घेऊन या. तुझं म्हणणं, उन्हाने मोडला म्हणजे तो प्रथिनाचाच होता, क्षार उन्हाने कशाला मोडेल? माझं म्हणणं, मेण वितळलं, बर्फाचं पाणी शिरलं, पाण्यात क्षारही विरघळतो. दोघींचं बरोबर होतं. म्हणजे कोणाचंच नक्की नव्हतं. पुढे कित्येक वर्षं, वर्ग, परीक्षा, पेपर तपासणं यांच्या मधूनमधून, आपण ते एकच भांडण शिळं न होऊ देता भांडत राहिलो.

तू हे सगळं कशासाठी करतेस, हे तू मला कधी सांगितलं नाहीस. मी विचारलं की एन्झाइम फार छान आहे म्हणायचीस. एकदाच, मी दाराबाहेर असताना, मावशींनी विचारलेलं मी ऐकलं. तू त्यांच्या पायाला तेल लावत होतीस.

"तुह्या या कामानं माहा पाय उतरन का वो?"

"नाही माय. हा नाही उतरत आता."

"मंग?"

"ज्याचा अजून सुजला नाही, त्याचा सुजनार नाही. झालं तं."

मावशींनी लुगड्याचा काठ खाली ओढला. मग म्हणाल्या, "मंग कर." मी आत न येता परत गेले. हाही एक विषय आपल्यात न बोललेला राहिला.

या पावसाळ्यानंतर दुसरा स्फटिक उगवला. पहिल्यापेक्षा मोठा, तशाच कडा. या वेळी तू शहाणी झाली होतीस. सुट्टी काढून ठेवली, थंडी पडली की निघायचं ठरवलं. मी सवयीने म्हटलं, खत आहे. तू सवयीने म्हणालीस, तुझं डोकं आहे. मग तुझे डोळे पिवळे झाले. कॉलेजला येत राहिलीस, डॉक्टरांचं औषध घेतलंस, मावशींच्या समाधानासाठी गावचा काढाही प्यायलीस, आणि शेवटी गावालाच गेलीस. जाताना मला म्हणालीस, "पेटीले हात लावू नको." मी लावला नाही. आता वाटतं, लावायला हवा होता. कोणीतरी रोज ते ग्रीस बघायला हवं होतं. पण तू सांगितलेलं मी ऐकलं, आणि मी तुझं ऐकत नाही अशी तर तुझी नेहमीचीच तक्रार होती.

तेरवी झाल्यावर मावशी तुझी खोली रिकामी करायला आल्या. भाऊ भांडी बांधून टेंपो बघायला गेला. मावशी खाटेवर बसल्या, पाय समोरच्या स्टुलावर. मी पेटी उघडली. कोंडा बाजूला सारला, वाटी काढली आणि मायक्रोस्कोपाखाली ठेवली. एका बाजूचं ग्रीस सुटलं होतं. थेंब आटून निम्मा झाला होता, पण ओला होता. मधोमध तुझा स्फटिक होता आणि त्याच्या एका अंगाला आरपार तडा गेला होता. थेंबाच्या काठाला बारीक चकचकीत सुया जमल्या होत्या, त्या मात्र निखालस खताच्या.

मी पुष्कळ वेळ बघत राहिले. बाहेर थंडी होती, न्यायला अगदी योग्य हवा. पण तडा गेलेला स्फटिक क्ष-किरणांच्या कामाचा राहत नाही, तेही तूच शिकवलं आहेस. बंगलोरच्या कामाचा तो राहिला नव्हता. आपल्या भांडणाच्या कामाचा होता.

"काय करून राहिली?" मावशींनी विचारलं.

"कुसुमचा तो दाणा आहे मावशी. फोडून बघते आहे."

त्यांनी नको म्हटलं असतं तर मी थांबले असते. त्या म्हणाल्या, "पाह्य."

मला रडायला वेळ लागतो. नाकाडोंगरीला स्मशानातून माणसं परत आली तेव्हाही मी रडले नव्हते, बायका माझ्याकडे बघत होत्या. सुई हातात घेतली तेव्हा मात्र डोळ्यांपुढचं सगळं पुसट झालं, आणि मला मायक्रोस्कोप पुन्हा नीट लावावा लागला. इतकी वर्षं मी खत खत म्हणत होते, आणि एवढी सगळी वर्षं मला तो खराच हवा होता. तुझ्याइतकाच. कदाचित तुझ्यापेक्षा जास्त, कारण ते खत मी धुतलं होतं.

आधी काठावरची खताची एक सुई दाबली. कट्ट झालं, तुकडा उडून दिसेनासा झाला. मीठ. मीठ मला ओळखता येतं.

मग मधला. टोक टेकवलं, जरासं दाबलं. आवाज आला नाही. सुई आत गेली, कडा खचल्या, आणि जिथे तो होता तिथे थोडा ओला चुरा राहिला.

मीठ नव्हतं, कुसुम.

मी मान वर केली. मावशी माझ्याकडेच बघत होत्या.

"फुटला?"

"आवाज नाही आला. नुसता दबला."

त्यांनी अंगठा तर्जनीवर घासला, चुलीपाशी घासतात तसा.

"मंग शिजलं होतं," त्या म्हणाल्या.